कापड जागचं हलेना

माणसावर एकदम विश्वास टाकू नये. मी मिठाच्या खात्यात कारकून आहे, तेव्हा हे मी ऐकीव सांगत नाही. आगरातून निघालेलं मीठ गोदामात पोचेपर्यंत वजनात कमी भरतं. विचारावं तर आगरावरचा माणूस म्हणतो, "पानी सुटला." मुकादम म्हणतो हवा दमट आहे. होडीवाला म्हणतो, वाटेत कावळ्यांनी खाल्लं. कावळे मीठ खातात असं सांगणाऱ्याच्या तोंडाकडे गंभीरपणे बघायचं आणि खाली सही करायची, ही माझी नोकरी. अशा नोकरीत केस पिकलेल्या माणसाच्या घरी शिवणाचं मशीन आलं आणि ते कापड पुढे नेईना, तर त्याने संशय घेऊ नये तर काय आरती करावी? आरतीही केली म्हणा, पण ते पुढे येईल.

मशीन आणलं ते गोदूसाठी. गोदू ही माझी धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून ती आमच्याकडेच असते. आमच्या गावच्या मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवायला बाई हवी होती, आणि शाळेच्या मुख्य बाई नीराबाई एकदा घरी येऊन म्हणाल्या, "गोदूताई, मशीनवर एक पोलकं शिवून दाखवा. बाहीला चुण्या, गळ्याला पट्टी. साहेबांच्या तपासणीत ते पसंत पडलं की जागा तुमची." गोदू त्या दिवशी जेवताना दोनदा हसली. आमच्या घरात ती हसल्याचं मला आठवत नव्हतं.

याच सुमाराला चौलहून तिच्या दिरांचा निरोप आला, की घरी पुन्हा पाळणा हलणार आहे, तुळशीचं लग्न झालं की वहिनींना न्यायला येतो. हे 'नेणं' आम्हाला ठाऊक होतं. मागच्या बाळंतपणाला गोदू गेली, ती बाळ रांगायला लागलं तरी परत येईना. आली तेव्हा तिच्या तळहातांना अशा भेगा होत्या की पोळपाटावर हात ठेवताना ती डोळे मिटून घ्यायची. मला फार वाईट वाटलं होतं. पण दिराने न्यायला यावं आणि रिकाम्या बसलेल्या बाईने जाऊ नये, असं सांगायला भावाजवळ कारण लागतं. ते कारण म्हणजे हे मशीन.

मशीन आमच्या पेठेतल्या दयारामशेठ कापडवाल्यांच्या ओळखीने मुंबईत घेतलं. दयारामशेठ म्हणत होते, "तुमी कशाला येता, माणूस आणून देईल ने." म्हणजे नक्कीच जायला हवं, हे मी ओळखलं. दुकानदाराने मांजरपाटाच्या तुकड्यावर आमच्यासमोर सरळ टाक्यांची रेघ मारून दाखवली. सुई जिथे खाली उतरते तिथे एक चकचकीत पत्रा असतो, पत्र्याला खाचा असतात, आणि त्या खाचांतून बारीक दाते वर येऊन कापड पुढे ढकलतात, हेही त्याने समजावलं. मी सगळं डोळ्यांत तेल घालून पाहिलं. मशीन खोक्यात गेलं, खोक्याला खिळे बसले, आणि भाऊच्या धक्क्यापासून मोरा बंदरापर्यंत मी त्या खोक्यावर बसून आलो. खलाशी म्हणाला, "रावसाहेब, आत बाईमाणूस हाय का काय?" मी खोक्यावर आणखी घट्ट बसलो. अशा चौकश्या करणारी माणसं मी खात्यात पुष्कळ पाहिली आहेत.

इतकं करूनही घात झाला तो जकातनाक्यावर. लोखंडी यंत्राला एक दर आणि लाकडी सामानाला दुसरा, आणि आमच्या मशीनचा वरचा भाग लोखंडाचा, खालचं टेबल लाकडाचं. नाक्यावरच्या कारकुनाने खोकं उघडायला लावलं, मशीनला प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, "हे दोन करून आणा." मी म्हणालो, "मग बैलगाडी आली तर बैल वेगळे नि चाकं वेगळी करता काय?" तो म्हणाला, "बैलांचं कलम निराळं आहे." शेवटी आम्ही दोघे सरकारी भाषेत बरंच भांडलो आणि त्याने 'किरकोळ' या सदरात मशीन घातलं. माझ्या मशीनला किरकोळ म्हणाला, याचं मला अजून दुःख आहे. पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा, की मी पावतीवर सही करत असताना मशीन उघड्यावर होतं आणि त्याच्याभोवती माणसं होती.

घरी आलं ती नेमकी खंडेनवमी. त्या दिवशी ज्याचं जे हत्यार, ज्याचं जे यंत्र, त्याची पूजा. आमचं कुटुंब म्हणालं, पूजा झाल्याशिवाय त्याला दोरा लावायचा नाही. आळीतल्या सुवासिनी जमल्या. आता नामा शिंपी दरसाल आपल्या मशीनच्या चाकाला झेंडूची माळ घालतो नि मोकळा होतो. पण आमच्या बायकांना मशीन नवीन आणि जातं जुनं. लग्नघरी जात्याची पूजा करतात ती त्याच्या तोंडाशी, तिथेच हळदकुंकू, तिथेच अक्षता. त्यांनी मशीनचंही तोंड शोधून काढलं आणि एकेकीने चिमूट चिमूट करत त्या चकचकीत पत्र्यावर यथासांग पूजा केली. शेजारच्या बाळाजीपंतांच्या घरातून तर मूठभर अक्षता आल्या. समारंभ फार देखणा झाला. गोदू माजघरात होती. हळदकुंकवाच्या वेळी ती माजघरातच असते.

दसऱ्याला सोनं लुटून आल्यावर पत्रा पुसून घेतला आणि गोदू मशीनवर बसली. दोरा ओवला, कापड घातलं, पाय मारला. चार बोटं टाके पडले आणि कापड थांबलं. सुई वर जाई, खाली येई, जागच्या जागी टाके घेई, कापड मात्र हलेना. खाली दोऱ्याचा बोराएवढा गुंता झाला. गोदू वाकून पत्र्याकडे पाहायला लागली. "दादा, मी जरा बघू का?" असं तिने विचारलेलं मला आठवतं. मी म्हणालो, "तू हात लावू नकोस, पुरावा बिघडेल."

कारण माझ्या ध्यानात आलं होतं. मुंबईत चाललेलं मशीन इथे चालत नाही, याचा अर्थ हे ते मशीनच नव्हे.

मी तडक दयारामशेठकडे गेलो. शेठ गादीवरून न हलता म्हणाले, "रावसाहेब, मशीन तो एकदम नवी छे. एमां शक कसला? तेल पाजला काय? तेल पाजा, पछी बघा." माणूस इतक्या सहजपणे इलाज सांगतो, तेव्हा त्याला रोग आधीपासून माहीत असतो, ही गोष्ट मी मनात टिपून ठेवली. तरी तेल घालायला हरकत नव्हती. मशीनबरोबर एक बाटली आली होती. बाटलीवर विलायती अक्षरं, आणि तेलाला वास कसलाच नाही. ज्या तेलाला वास नाही ते काहीतरी लपवत असतं. कोणत्या जनावराची चरबी असेल कुणी सांगावं, आणि आमच्या घरात सोवळंओवळं आहे. ती बाटली मी परसात ओतली. आमच्याच माडांच्या नारळांचं, घाण्यापुढे उभं राहून काढून घेतलेलं खोबरेल घरात होतं. त्या तेलाचं कुळ-मूळ मला ठाऊक होतं. पळीभर खोबरेल मशीनला वरून खालून पाजलं. मशीन दोन दिवस थोडं मऊ चाललं, कापड कुथत कुथत सरकलं, आणि मग पहिल्यापेक्षा घट्ट बसलं.

पुढचा संशय नामा शिंप्यावर. मी त्याला बोलावलं खरं, पण तो हसत आला. शाळेत शिवणाची बाई आली तर पेठेतल्या मुलींची पोलकी त्याच्याकडे कोण टाकणार? मग तो हसतो कशाचा? मी त्याला मशीनपासून हातभर दूर पाटावर बसवला. म्हणालो, "इथूनच बघा."

"इथून काय दिसनार, रावसाहेब?" तो म्हणाला.

"जेवढं दिसेल तेवढं सांगा."

नामा बराच वेळ मान तिरकी करून बघत बसला. मग म्हणाला, "कापड कोरं हाय. खळ धुवून काढा." खळ धुवून कापड वाळवून आणलं. मग म्हणाला, सुई बोथट आहे. सुई बदलली. मग म्हणाला, वरच्या खिळ्याने दाब वाढवा. दाब इतका वाढवला की कापड पत्र्याला चिकटून बसलं. शेवटी त्याला राहवलं नाही, तो पुढे झाला आणि कापड हाताने ढकललं. सुई वाकून ताडकन मोडली. "बगा, तुमचं मशीन आपल्या मर्जीचं हाय," असं म्हणून तो पुन्हा हसला. त्या हसण्याचा मी पुढे कितीतरी दिवस विचार केला. तो गेल्यावर मशीनचे सगळे स्क्रू जागेवर आहेत की नाहीत, ते मी तपासून पाहिलं.

मध्येच आमच्या कचेरीत मला बोलावणं आलं. कुणीतरी निनावी कळवलं होतं, की सरकारी नोकर घरात शिलाईचा धंदा करतो. साहेबांनी खुलासा मागितला. मी लिहून दिलं, की सदर यंत्र शिवत नाही, सबब धंदा होत नाही. हेडक्लार्क म्हणाले, शिवत नसल्याचा दाखला जोडा. आता शिवत नसल्याचा दाखला कोण देणार? नामा शिंप्याने आनंदाने दिला असता, पण त्याच्याकडे मागण्यापेक्षा मी नोकरी सोडली असती. मी पोलक्याचा गुंता झालेला तुकडाच पाकिटात घालून पाठवला. साहेबांनी तो उजेडात धरून पाहिला आणि प्रकरण मिटवलं. ते निनावी पत्र कुणाचं, ते मला माहीत आहे. पुरावा नाही म्हणून नाव घेत नाही, पण बाळाजीपंत त्या आठवड्यात माझ्या नजरेला नजर देत नव्हते.

हे बाळाजीपंत आमचे शेजारी. तारखात्यातून पेन्शन घेऊन आलेले. त्यांना यंत्र म्हटलं की बाह्या सरसावाव्याशा वाटतात. ते आपण होऊन आले, तेव्हाच मला शंका आली. पण शाळेची तपासणी जवळ येत चालली होती आणि पोलक्याची एक बाहीसुद्धा झाली नव्हती. बाळाजीपंत म्हणाले, "दिनानाथराव, दाते कापड ओढत नाहीत ना? नका ओढू देऊ. आपण ओढू." त्यांची योजना अशी, की गोदूने बाजूला उभं राहून बघावं, त्यांनी स्वतः पाय मारावा, आणि मी पलीकडच्या बाजूला बसून कापड बेताबेताने ओढत राहावं. मासेमारीचे लोक जाळं ओढतात त्यासारखं ते काम होतं.

"दादा, असं ओढलं तर सुई..." गोदू म्हणाली.

"तू थांब गं," मी म्हणालो. "मोठी माणसं बघतायत ना?"

कापड सरकायला लागलं. टाके एकसारखे नव्हते, कुठे मुंगीएवढे, कुठे वीतभर. पण सरकत होतं. बाळाजीपंतांना चेव आला. ते जोरजोराने पाय मारायला लागले, मी जोरजोराने ओढायला लागलो, आणि त्याच वेळी दारात नीराबाई उभ्या राहिल्या. पोलकं कुठवर आलं ते बघायला आल्या होत्या. मी नमस्कार करायला उठलो. उठलो तो मशीनही माझ्याबरोबर निघालं. माझ्या उपरण्याचं टोक पोलक्याच्या बाहीला पक्कं शिवलं गेलं होतं. टेबल कलंडलं, बाळाजीपंतांचा पाय खालच्या पट्टीत अडकला, सुई मोडली. मी अर्ध्या नमस्कारात तसाच उभा राहिलो.

नीराबाई जराही हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "दिनानाथराव, मी नमुन्याचं पोलकं मागितलं होतं. उपरण्यासकट नको." मग गोदूकडे वळून, जरा हळू आवाजात, "गोदूताई, येत्या सोमवारी साहेब येतात. त्याच्या आत काही झालं नाही, तर मला दुसऱ्या कुणाला तरी विचारावं लागेल." नामा शिंप्याची मेहुणी मशीन चालवते, हे मला त्याच क्षणी आठवलं. सगळे धागे जुळत होते.

मग शहाण्यांचे इलाज संपले आणि आवडाबाईचा सुरू झाला. आवडाबाई आमच्याकडे पलीकडच्या वाडीवरून भाजी घेऊन येते. तिने पाटी खाली ठेवली, मशीनकडे एकवार पाहिलं आणि निकाल दिला. "आवो दादा, यो बिगारला न्हाय. याला नजर लागलीय. बंदरापासून यो उघडा आनलाव ना? अर्ध्या गावानं बगला. मीठ-मोहरी उतरवा, मंगं बगा कसा धावतंय तो."

ती एकटीच अशी निघाली, जिने उघड्या नाक्याचा माझा मुद्दा बरोबर ओळखला. त्यामुळे तिचं मला पटलं. मिठाच्या खात्यातल्या माणसाने मीठ ओवाळून टाकणं बरं दिसत नाही, पण ते मीठ घरचं आहे, सरकारी नाही, एवढी खातरजमा करून घेतली. आमच्या कुटुंबाने मशीनवरून मीठ-मोहरी उतरवली. मुठीतली मोहरी टेबलावर सांडली, ती घरंगळत कुठे गेली ते कुणी पाहिलं नाही. तरी कापड हलेना. मग देवी रुसली असं ठरलं. पुन्हा सुवासिनी आल्या, पुन्हा त्याच जागी हळदकुंकू, पुन्हा अक्षता, वर एक नारळ वाढवला, त्याचं पाणी शिंपडलं. आरती मी स्वतः म्हटली. मग पुन्हा तेल. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, म्हणतात ना, तशी आमची गत. पण तेव्हा हे सांगायला कुणी आलं नाही. सांगितलं असतं तर त्याचाही मी संशय घेतला असता.

मार्गशीर्ष लागला. सकाळी बाटलीतलं खोबरेल थिजून पांढरं व्हायला लागलं. मशीनचं चाकही आता सकाळी फिरेना, ऊन वर आल्यावर कुरकुरत फिरे. आणि शनिवारी दुपारी, रेवसच्या होडीने करंजा बंदरात उतरून, गोदूचे दीर शिवदासराव आमच्या ओटीवर हजर झाले.

शिवदासरावांनी केळ्यांचा घड आणला होता. ते फार गोड बोलतात. "वहिनी म्हणजे आमच्या घरची लक्ष्मी," असं त्यांनी झोपाळ्यावर बसता बसता सांगितलं. आता मी असा माणूस, की कुणी केळी आणली तरी सालं तपासतो. पण त्या दिवशी मला संशय घ्यायला काही जागाच नव्हती. माणूस कशाला आला आहे ते स्वच्छ दिसत होतं. उद्या सकाळच्या होडीने परत निघायचं, असं ते म्हणाले. मग त्यांची नजर मशीनकडे गेली. "हे काय? नवं का?"

"नवं आहे," मी म्हणालो. "पण चालत नाही."

"अरेरे," असं म्हणत ते झोपाळ्यावर जरा सैल बसले. "मग वहिनी काय, रिकाम्याच ना?"

मी काहीतरी बोलायला हवं होतं. शेठ, नामा, नाक्यावरचा कारकून, निनावी पत्र, सगळं माझ्याकडे तयार होतं, पण त्यातलं एकही या माणसापुढे मांडण्यासारखं नव्हतं. आमच्या कुटुंबाने चहाचे पेले आणले. गोदू आतून बाहेर आली. तिच्या हातात स्क्रू फिरवायचं पातं होतं आणि घासलेटची वाटी.

"दादा," ती म्हणाली, "इतके दिवस सगळ्यांनी बघितलं. आता मी बघते."

मला तेव्हा लख्ख जाणवलं, की मशीन अडल्यापासून त्याला शेजाऱ्याने हात लावला, शिंप्याने लावला, माझ्या उपरण्यानेसुद्धा लावला. जिच्यासाठी ते आणलं तिला मात्र आम्ही कुणी हात लावू दिला नव्हता. झोपाळ्याची कुरकुर तेवढी चालू होती.

गोदूने सुई काढली, दाबाचा खिळा ढिला केला आणि तो चकचकीत पत्रा उचलला. आम्ही सगळे वाकलो. खाली दाते दिसतच नव्हते. दात्यांच्या जागी एक वडी थापलेली होती, लाल-पिवळी, घट्ट. हळद, कुंकू, अक्षता, मधूनमधून मोहरी, मिठाचे खडे, कापडाचा भुसा, आणि सगळ्याला धरून ठेवलेलं थिजलेलं खोबरेल. नारळाच्या पाण्याने कडेला गंजही धरला होता. आळीतल्या प्रत्येक घराची पूजा त्यात होती. दयारामशेठ त्यात कुठेच नव्हते, नामाही नव्हता. मी फार बारकाईने शोधलं.

गोदू दाभणाच्या टोकाने ती वडी खरवडू लागली. घासलेटमध्ये चिंधी बुडवून एकेक दाता पुसू लागली. कुंकू घासलेटमध्ये विरघळलं आणि तिची बोटं लाल झाली, मग तळवा, मग मनगटापर्यंत हात. आमच्या कुटुंबाच्या हातातला पेला निसटलाच. "वन्सं!" ती म्हणाली. "अहो, कुंकू आहे ते! तुमच्या हाताला..."

शिवदासरावांनी पाय टेकून झोपाळा थांबवला. त्यांनी तोंड वळवलं.

गोदूने हात लपवला नाही. ती आमच्या कुटुंबाकडे न पाहता म्हणाली, "वहिनी, कुंकू कपाळावर असतं. दात्यांत अडकलं की तो मळ."

आणि पुसत राहिली. मी परसात जाऊन तोंड धुऊन आलो. का ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं.

परत आलो तोवर पत्रा बसला होता. गोदूने साबण लावून हात धुतले होते, पण नखांच्या कडांना लाली राहिली होती. दयारामशेठच्या दुकानातून मशीनच्या तेलाची नवी बाटली आणायला मी स्वतः गेलो. शेठनी बाटली पुढे सरकवली, मी पैसे मोजून दिले. तिने दात्यांना दोन थेंब घातले, कापड ठेवलं, कापड दाबणारा मशीनचा पाय खाली सोडला. पहिल्यांदा चाक तिने हाताने सावकाश फिरवलं. दाते वर आले, कापड एक पाऊल पुढे गेलं, दाते खाली गेले. पुन्हा वर आले. मग तिने पाय मारला. कापड सुईखालून निघालं आणि थेट टेबलाच्या कडेपर्यंत गेलं. त्याला कुणी ओढलं नाही, कुणी ढकललं नाही.

तिन्हीसांजेच्या आत पोलकं झालं. बाहीच्या चुण्या एकसारख्या, गळ्याची पट्टी कुठे ओढलेली नाही. गोदूने ते घडी घालून फडक्यात बांधलं, पदर डोक्यावरून घेतला आणि एकटीच नीराबाईंच्या घरी निघाली. आमच्या आळीतून ती एकटी कधी गेलेली कुणी पाहिली नव्हती. बाळाजीपंत त्यांच्या खिडकीत उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं, तेव्हा त्यांनी खिडकी लावून घेतली.

शिवदासराव ओटीवर बसून होते. मग म्हणाले, "वहिनींनी सकाळी लवकर आवरायला हवं. भरतीची वेळ साधायची आहे."

गोदू परत आली ती उंबऱ्यातच थांबली. ती धापा टाकत होती. आल्याआल्या ती पहिलं माझ्याशी बोलली. "दादा, नीराबाईंनी सोमवारी दहाला शाळेत बोलावलंय. साहेबांसमोर मला वर्गावर उभं राहायचंय."

मग ती दिरांकडे वळली. तिचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता, पण नजर खाली नव्हती. "भावोजी, जाऊबाईंना सांगा, बाळासाठी टोपडी, कुंच्या, दुपटी, सगळं मी शिवून पाठवते. पहिल्या थंडीला पुरेल इतकं. कुणाबरोबर तरी होडीने येईल."

"ते ठीक आहे," शिवदासराव म्हणाले. "पण घरात माणूस लागतं, वहिनी."

"लागतं ना," गोदू म्हणाली. "मग एखादी बाई ठेवा. मी येत नाही."

शिवदासराव माझ्याकडे बघायला लागले. घरचा कर्ता पुरुष म्हणून आता मी काहीतरी म्हणावं, अशी त्यांची अपेक्षा होती. मी इतका वेळ पुष्कळ बोलण्याचा विचार करत होतो. शेवटी मी म्हणालो, "रात्री जेवायला थांबा. सकाळी मी होडीपर्यंत पोचवायला येतो." मग, चुकून गैरसमज व्हायला नको म्हणून, "तुम्हाला," असं जोडलं.

दुसऱ्या दिवशी शिवदासराव एकटेच गेले. केळ्यांचा घड त्यांनी ठेवून दिला, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. त्यांना करंज्यावर सोडून मी घरी आलो तर गोदू सकाळच्या उन्हात मशीनवर बसली होती. पुढ्यात पांढऱ्या मलमलीची छोटी छोटी टोपडी कापून ठेवलेली. सगळं नीट चाललंय ना, कुठे काही अडत नाही ना, हे जातीने पाहावं म्हणून मी तिच्या खांद्याशी जाऊन वाकलो.

"दादा," ती मान वर न करता म्हणाली, "जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय."

मी बाजूला झालो.